वकीलसाहेब, पोरांच्या कादंबऱ्या वाचता?

बार रूममध्ये परवा आमच्या बॅगेतून एक पुस्तक खाली पडले. मुखपृष्ठावर हातात पांढरा फलक धरलेली एक काळी मुलगी. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ वकिलांनी ते उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, या वयात पोरांच्या कादंबऱ्या वाचता? की मुलीचे पुस्तक चुकून आले?" आम्ही म्हणालो, "चुकून नाही साहेब. आठ वर्षे झाली वाचतो आहोत. वाचून झाले की त्यावर लिहितोही." ते मोठ्याने हसले. त्यांना वाटले आम्ही थट्टा करतो आहोत.

थट्टा नव्हती. कुणाला क्रिकेट पाहण्याचा छंद असतो, कुणाला जुनी गाणी जमवण्याचा. आम्हास तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचण्याचा छंद आहे. कल्याण लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर बसून, नाही तर दाराजवळ उभे राहून आम्ही त्या वाचतो. दोनशे पानी वहीत प्रत्येक पुस्तकाला एक पान. गोष्ट कोणाची, सांगतो कोण, कोणाचे घर आतून दिसते आणि कोणाचे फक्त बाहेरून, आणि शेवटी पोरगं स्वतःच्या पायावर उभे राहते की त्याला कोणीतरी भला माणूस येऊन उचलतो, एवढे आम्ही लिहितो. अशा चार वह्या भरल्या. त्यातील बरी पाने आम्ही स्वच्छ अक्षरात उतरवून रविवारी वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर लावतो.

बार रूममधले हसणे आम्ही मनावर घेतले नाही. मनाला लागले ते आपल्याच माणसाचे बोलणे. गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते सर्वांसमोर म्हणाले, "समाजावर रोज अन्याय होतो आहे, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि आमचे वकील पोरांना गोष्टी सांगत बसले आहेत. गोष्टी वाचून कुठे क्रांती होते का?" आम्ही त्यांचा आदर करतो. त्यांनी नामांतरासाठी तुरुंग भोगला आहे. म्हणून तेथे उत्तर दिले नाही. ते येथे देतो.

१९०७ साली भीमराव नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ही गोष्ट आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण तिच्यातले एक कलम आपण वगळतो. केळुसकरांनी त्या मुलाला बागेत एकटा वाचत बसलेला पाहिले होते, त्याची चौकशी केली होती, त्याला पुस्तके पुरवली होती. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराच्या हाती काय द्यावे याचा विचार करणारा एक प्रौढ माणूस तेथे होता. आज आपल्या वस्तीतल्या सोळा वर्षांच्या पोराच्या हाती मोबाइल आहे. त्याच्या हाती आणखी काय द्यावे, याचा विचार आपल्या किती कार्यकर्त्यांनी केला?

आमचा छंद सुरू झाला तो एका खटल्यातून. २०१७ साली शस्त्राचा धाक दाखवून लुटल्याच्या गुन्ह्यात एका सतरा वर्षांच्या मुलासाठी आम्ही बाल न्याय मंडळापुढे उभे होतो. त्याची ओळख सांगणे कायद्याने मना आहे आणि आम्हास सांगायचीही नाही. आपल्याच समाजाचा, एवढे पुरे. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक पाहणी करते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक कुवत होती काय, परिणाम समजण्याची समज होती काय, कोणत्या परिस्थितीत घडले, हे पाहिले जाते. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा की नाही ते ठरते. आपल्या पोरांच्या बाबतीत ही पाहणी म्हणजे आयुष्याचा फाटा आहे, हे पालकांनी नीट लक्षात ठेवावे.

त्या वेळी सामाजिक तपासणी अहवाल आमच्या हाती आला. त्यात मुलाच्या सवयींचा रकाना असतो. टीव्ही पाहणे, खेळणे, पुस्तके वाचणे. पुस्तकांपुढे काहीच नव्हते. आम्ही त्याला सहज विचारले, "अरे, काही वाचतोस का नाही?" तो म्हणाला, "काय वाचू?" आम्ही तोंड उघडले आणि मिटले. आमच्याजवळ नाव नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्याला त्या क्षणी देता आला नसता, आणि 'श्यामची आई' द्यायची आमची इच्छा नव्हती. वकिलीची पंधरा वर्षे, चळवळीची वीस, आणि एका पोराच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही!

त्याच महिन्यात उच्च न्यायालयात काम होते. परतताना फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळत असता चाळीस रुपयांत एक पुस्तक मिळाले. आत अमेरिकेतल्या कुठल्या तरी शाळेच्या वाचनालयाचा रद्दबातल शिक्का. वॉल्टर डीन मायर्स यांची 'मॉन्स्टर', १९९९ सालची. हार्लेममधला सोळा वर्षांचा काळा मुलगा स्टीव्ह हार्मन खुनाच्या खटल्यात आरोपी आहे. औषधाच्या दुकानात लूट झाली, मालक मारला गेला, आणि स्टीव्हने आधी आत जाऊन दुकान मोकळे आहे का ते पाहिले, असा सरकार पक्षाचा आरोप. स्टीव्ह शाळेत सिनेमा शिकत असतो. म्हणून तो आपला खटला सिनेमाच्या पटकथेसारखा लिहितो, आणि मध्ये मध्ये कोठडीतली रोजनिशी. सरकारी वकील त्याला राक्षस म्हणतात, आणि तोच शब्द तो आपल्या पटकथेला नाव म्हणून देतो.

हे पुस्तक आम्ही कल्याण येईपर्यंत निम्मे आणि रात्री उरलेले वाचले. त्यातले कोर्ट खरे आहे. कंटाळा खरा आहे, साक्षीदारांचे सौदे खरे आहेत. आरोपी तरुण आहे, काळा आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आहे एवढ्यावरच निम्मी जूरी त्याला दोषी धरून बसली असेल, हे त्याची वकीलच त्याला सांगते. शेवटी तो निर्दोष सुटतो. आनंदाने वकीलबाईंना मिठी मारायला हात पसरतो, आणि त्या तोंड फिरवून कागद आवरू लागतात. त्यांनी आपल्यात काय पाहिले, हा प्रश्न घेऊन तो पोरगा पुढे जगतो. वाचकहो, आम्ही येथे कबूल करतो की आमच्या हातून असे झाले आहे. निकाल लागल्यावर आईसह आभार मानायला आलेल्या पोराला आम्ही "ठीक आहे, पुन्हा इथे दिसू नकोस" एवढे बोलून पुढच्या फाईलकडे वळलो आहोत. कायद्याच्या कुठल्या पुस्तकाने आम्हास ते दाखवले नव्हते. पोरांच्या कादंबरीने दाखवले.

त्या मुलाला आम्ही ती गोष्ट तीन भेटींत मराठीत सांगितली. तिसऱ्या भेटीत त्याने विचारले, "पण त्याने खरंच केलं होतं का?" कादंबरी हे स्पष्ट सांगत नाही. आम्ही म्हणालो, "तुला काय वाटते?" तो पुष्कळ वेळ बोलला. स्टीव्हबद्दल बोलला की स्वतःबद्दल, ते आम्ही विचारले नाही.

पुढे आम्हास नादच लागला. किलोच्या भावाने पुस्तके विकणाऱ्या प्रदर्शनांतून, रद्दीवाल्यांकडून आम्ही वेचू लागलो. कचराही भरपूर. श्रीमंत पोरांची प्रेमप्रकरणे, रक्त पिणारे देखणे तरुण, जगाचा नाश झाल्यावर धनुष्य घेऊन धावणाऱ्या मुली. त्यांवर आम्ही वहीत दोन ओळी लिहून मोकळे होतो. पण मधूनच असे पुस्तक निघते की स्टेशन मागे जाते.

मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय लेखिकेची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही १९७६ ची कादंबरी. १९७७ चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. काळ १९३३, मिसिसिपी राज्य. शाळेचा पहिला दिवस आणि काळ्या मुलांना पहिल्यांदाच पाठ्यपुस्तके मिळणार. सहा वर्षांचा धाकटा, नेहमी नीटनेटका राहणारा, आनंदाने पुस्तक उघडतो. आतल्या बाजूस तक्ता आहे. पुस्तक कोणत्या साली कोणत्या वर्णाच्या विद्यार्थ्याला दिले आणि तेव्हा त्याची स्थिती काय होती. नवे होते तेव्हापासून गोऱ्यांना, आणि पार फाटके झाल्यावर शेवटच्या रकान्यात काळ्या मुलांसाठी हिणकस शब्द. पोरगं पुस्तक जमिनीवर फेकते आणि त्यावर नाचते. शिक्षिका, स्वतः काळी असून, त्याला मारते. मुलांची आई त्याच शाळेत शिकवते. ती काही न बोलता प्रत्येक पुस्तकातल्या त्या तक्त्यावर कागद चिकटवते.

शर्मन अॅलेक्सी या अमेरिकन आदिवासी लेखकाची २००७ ची कादंबरी आहे, राखीव वसाहतीतल्या ज्युनिअर नावाच्या मुलाची रोजनिशी. तिच्यातही हेच. भूमितीचे पुस्तक उघडले तर आत आईचे माहेरचे नाव! तीस वर्षांपूर्वी आईने वापरलेले पुस्तक आज पोराला. तोही पुस्तक फेकतो, ते शिक्षकाला लागते, आणि त्यातून तो वसाहत सोडून गोऱ्यांच्या शाळेत जाण्याचा निर्णय घेतो. एकीकडे काळी लेखिका, एकीकडे आदिवासी लेखक, आणि दोघांनाही फेकलेले पाठ्यपुस्तक आठवावे! (या लेखकावर २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले, आणि आपल्यामुळे लोकांना इजा झाल्याचे त्याने मान्य केले. आदिवासी ग्रंथपालांच्या संघटनेने त्याला दिलेला पुरस्कार मागे घेतला. हेही आम्ही वहीत त्याच पानावर लिहिले आहे आणि मुलींना आधी ते सांगूनच पुस्तक देतो.)

आम्हास आमचे सातवीचे आठवले. नवी पुस्तके परवडत नव्हती. गावातल्या एका घरी निम्म्या किमतीत जुनी मिळत. त्या घरच्या बाईंनी पुस्तके ओट्यावर ठेवली आणि पैसेही ओट्यावरच ठेवायला सांगितले. वरून पाणी शिंपडून मग त्यांनी नाणी उचलली. आम्ही पुस्तक फेकले नाही. छातीशी धरून घरी आणले, कारण पास व्हायचे होते. पण फेकणाऱ्या पोरांची गोष्ट तेव्हा कोणी आमच्या हाती दिली असती, तर त्या ओट्याची लाज आम्ही पुढे कित्येक वर्षे आपलीच समजून वागवली नसती.

याउलट एक कबुली. विधी महाविद्यालयात असताना हार्पर ली यांची १९६० ची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आम्हास फार प्रिय होती. अॅटिकस फिंचसारखा वकील व्हायचे आम्ही ठरवले होते. परवा पुन्हा वाचली. पुस्तक अजूनही सुंदर आहे, पण आता दिसले की ज्याच्यावर बलात्काराचा खोटा आरोप आहे तो टॉम रॉबिन्सन त्या पुस्तकात जवळजवळ पाहुणा आहे. तो साक्ष देतो, दोषी ठरतो आणि तुरुंगातून पळताना मारला जातो. त्याच्या पोरांना काय वाटले? बापाला धरून नेल्यावर त्याच्या घरी रात्री काय बोलले गेले? ते सांगायला कोणी नाही. सांगते वकिलाची मुलगी. आपल्याकडच्या पुरोगामी म्हणवणाऱ्या गोष्टींतही असाच एक सहृदय मास्तर असतो आणि झोपडीतले हुशार पोर त्याच्या बोटाला धरून मोठे होते. मिल्ड्रेड टेलर यांच्या पुस्तकात जमीन लोगन कुटुंबाची आहे, भीती त्यांची आहे आणि डोकेही त्यांचेच चालते. एक पुस्तक दुसऱ्याशेजारी ठेवल्यावरच हे दिसते. परीक्षण लिहिण्याचा आमच्या मते हाच उपयोग.

बार रूममध्ये पडले ते पुस्तक म्हणजे अँजी थॉमस यांची २०१७ ची 'द हेट यू गिव्ह'. सोळा वर्षांची स्टार कार्टर. तिच्या डोळ्यांसमोर पोलीस तिच्या निःशस्त्र मित्राला गोळी घालतो, आणि ती एकमेव साक्षीदार. तिचा बाप पोरांकडून ब्लॅक पँथरचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतो. हे वाचून आम्ही लोकलमध्ये एकटेच हसलो. १९७२ च्या दलित पँथरने ते नाव कोठून घेतले ते आपण जाणतो, आणि त्याही आधी १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो व अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. आपले नाते जुने आहे, पण आपल्या पोरांना ते ठाऊक नाही. या कादंबरीवर तिकडे एवढे आक्षेप आले की अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या दहा पुस्तकांच्या यादीत ती २०१७, २०१८, २०२० आणि २०२१ या वर्षी होती. गोष्टी वाचून काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, मग शाळांतून ती काढायला लोक एवढे का धडपडतात?

आता आपल्या घरचे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला माणूस पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेतो. याचा आम्हास अभिमान आहे. पण स्टॉल नीट पाहा. लहानग्यांसाठी रंगीत चित्रांचे छोटे चरित्र आहे, आणि त्याच्याशेजारी थेट 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. मध्ये काय? सात वर्षांचे पोर एकदम पंचवीस वर्षांचे होते काय? 'भीमायन'सारखे गोंड कलावंतांच्या चित्रांतून उभे राहिलेले पुस्तक २०११ साली आले, पण तसे किती?

आमच्या विहारात नववीत शिकणारी एक मुलगी येते. वाचण्यात पटाईत. तिला आम्ही दया पवारांचे 'बलुतं' दिले. आठवड्याने तिने परत केले आणि म्हणाली, "वकील काका, छान आहे, पण हे सगळं आजोबांचं आहे. आमचं कुठंय?" आम्ही म्हणालो, "बेटा, आजोबांचे तेच तुमचे." तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नाही, आणि तिचे बरोबर होते. तिचा बाप रिक्षा चालवतो, आई पोळ्या लाटायला जाते, ती सेमी इंग्रजीत आहे. तिने ओटा पाहिलेला नाही. तिला विचारले जाते ते आडनाव. तिला सांगितले जाते की तुम्हाला काय, तुम्हाला सवलत आहे. वर्गातली मैत्रीण तिच्या घरी येत नाही आणि कारण सांगत नाही. हे कोणी लिहिले?

मग आम्ही मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) दिली. तिने दोन दिवसांत वाचली, खूप हसली. आम्हासही ती आवडते. आणीबाणीच्या काळातले नववीचे पोर, त्याचे ते प्रेम. नंतर विहारात 'फँड्री' दाखवला. तेथेही तेच वय, तेच प्रेम. पण जब्याला त्या मुलीच्या देखत डुक्कर पकडावे लागते. पडदा मिटल्यावर पोरगी म्हणाली, "काका, त्या मुकुंदाला फक्त घरच्यांची भीती होती." एवढे नेमके परीक्षण आम्ही चार वह्यांत लिहिलेले नाही.

आमच्या साहित्यिकांवर आमचा राग नाही. दलित आत्मकथनांचे निम्मे सोने त्यांच्या बालपणात आहे. पण ती लिहिली प्रौढांसाठी, साक्ष म्हणून. चौदा वर्षांच्या पोराला समोर बसवून कोणी सांगितली नाहीत. याबाबतीतही बाबासाहेबच पुढे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी १९०१ सालचा लहानपणीचा प्रवास लिहिला आहे. वडिलांकडे जायचे म्हणून मुले नवे शर्ट, झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे घालून निघतात. आगगाडीचे केवढे कौतुक! मसूर स्टेशनवर उतरतात, कोणी घ्यायला आलेले नसते. स्टेशनमास्तर जात ऐकतो आणि मागे सरकतो. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळते, पण हाकायची मुलांनीच. डबा आहे, पाणी नाही, रात्रभर. यात एकही घोषणा नाही. आधी नव्या कपड्यांचा आनंद येतो, मग तहान. विहारात हे वाचून दाखवले तेव्हा मागच्या रांगेत मोबाइल पाहणाऱ्या पोरांनी तो खिशात ठेवला. कुमारांसाठी कसे लिहावे याचा धडा घरातच असताना आपण तो फक्त अभिवादनापुरता ठेवला आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की आपल्या प्रकाशकांनी दरवर्षी निदान एक पुस्तक या वयासाठी काढावे. भाषांतरे करा, पण रीतसर परवानगी घेऊन. परीक्षणाला मात्र परवानगी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने टीका व समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा दिली आहे, तेव्हा शिक्षक, वकील, बँकवाले, ज्यांना थोडेफार इंग्रजी येते त्यांनी महिन्याला एक पुस्तक वाचून विहाराच्या फळ्यावर एक पान लावावे. पान लहान असावे. उपदेश नसावा. पुस्तक फसले असेल तर फसले म्हणावे, कारण पोरांना खोटी स्तुती लगेच कळते. आम्ही एकदा एका भिकार पुस्तकाला केवळ विषय आपला म्हणून चांगले म्हटले. पुढचे तीन रविवार आमचे पान कोणी वाचले नाही.

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आम्ही 'मॉन्स्टर'ची गोष्ट मराठीत लिहून दिली आहे. ते म्हणाले, चष्मा बदलून आला की पाहतो.

आणि नववीतली ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या रविवारी तिने वहीची अकरा पाने आमच्या हाती दिली. कादंबरी लिहायला घेतली आहे म्हणते. शाळेच्या पहिल्या दिवशी नवे बाई हजेरी घेतात, एकेकाचे पूर्ण नाव विचारतात, येथून सुरुवात आहे. तिने बजावले आहे, "काका, शुद्धलेखन तपासू नका. फळ्यावर लावता तसं पान लिहा. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणा." आम्ही दोनदा वाचले आहे. तिसरे पान लांबले आहे आणि सातवे फार चांगले आहे. रविवारपर्यंत लिहून द्यायचे आहे.